वापरसुलभतेवरील संशोधनाचे कल कसे मोजावेत: नवागतांसाठी काही पायऱ्या

गोव्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संशोधक विद्यार्थ्यांना साहाय्य करताना एक आलेख माझ्यासमोर वारंवार येतो. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर शोधनिबंधांची संख्या आणि डावीकडून उजवीकडे चढत गेलेली रेघ. विद्यार्थ्याने शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये ‘युझॅबिलिटी’ (वापरसुलभता, म्हणजे एखादी गोष्ट वापरायला किती सोपी आहे) हा शब्द टाकलेला असतो, आलेले आकडे वर्षवार मांडलेले असतात आणि खाली निष्कर्ष असतो की या विषयावरील संशोधन झपाट्याने वाढत आहे. रेघ खोटी नसते. मात्र संशोधन किती वाढले, डेटाबेस किती फुगला आणि शब्दाची चलती किती बदलली, या तिन्ही गोष्टी तिच्यात एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या कशा काढाव्यात हे सांगण्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

प्रकाशनांच्या अशा मोजणीला ग्रंथमिती म्हणतात. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द अॅलन प्रिचर्ड यांनी १९६९ साली मांडला. त्याच्या एकवीस वर्षे आधी, १९४८ मध्ये, एस. आर. रंगनाथन यांनी ‘लायब्रमेट्री’ अशी संज्ञा सुचवली होती. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते. संगणकशास्त्र किंवा डिझाइन या शाखांतून येणाऱ्यांना बहुधा नसते, आणि म्हणूनच ते मोजणीला केवळ तांत्रिक काम समजतात.

पहिली पायरी: प्रश्न लहान करावा

‘वापरसुलभतेतील कल’ हा प्रश्न नव्हे, ते एक विस्तीर्ण क्षेत्र आहे. ‘२००५ ते २०२४ या काळात मोबाइलवरील आरोग्यविषयक अॅपच्या चाचण्यांत कोणत्या प्रश्नावल्या वापरल्या गेल्या’ किंवा ‘भारतीय लिप्यांतील टंकनाच्या सोयींवर कोणत्या परिषदांत निबंध वाचले गेले’ हे प्रश्न झाले. प्रश्न पुरेसा नेमका झाला की नाही याची कसोटी सोपी आहे: कोणताही एक निबंध हातात घेतल्यावर तो आपल्या अभ्यासात बसतो की नाही, हे त्याचा सारांश वाचून एका मिनिटात सांगता आले पाहिजे. तसेच, प्रकाशने मोजून ज्याचे उत्तर मिळूच शकत नाही असा प्रश्न घेऊ नये. सरकारी संकेतस्थळे नागरिकांना सोपी वाटू लागली आहेत का, हे निबंधांच्या संख्येवरून कळत नाही. त्यासाठी डिचोलीच्या किंवा काणकोणच्या माणसाला संकेतस्थळासमोर बसवून पाहावे लागते.

दुसरी पायरी: शब्दाचा इतिहास आधी वाचावा

या पायरीला नवागत सर्वांत कमी वेळ देतात, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका येथेच रुजतात. क्षेत्र एकच राहिले तरी त्याचे नाव दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेले, हे ज्याला माहीत नाही त्याला नावातील बदल हाच कामातील बदल वाटतो.

१९८२ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड राज्यातील गेथर्सबर्ग येथे संगणक प्रणालींतील मानवी घटकांवर एक परिषद भरली, आणि पुढच्याच वर्षी बोस्टन येथे ‘सीएचआय’ (कॉम्प्युटर-ह्यूमन इंटरॅक्शन, म्हणजे माणूस व संगणक यांतील देवाणघेवाण) या नावाने परिषदांची मालिका सुरू झाली. तिचा उच्चार ‘काय’ असा करतात. मराठी कानाला तो प्रश्नच वाटतो, आणि वर्गात पहिल्यांदा सांगितल्यावर हशा पिकतो. १९८५ मध्ये जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी वापरसुलभतेसाठी रचना करण्याची तत्त्वे मांडली: सुरुवातीपासून वापरकर्त्याकडे लक्ष, प्रत्यक्ष मोजमाप आणि पुनःपुन्हा सुधारणा. १९९० मध्ये याकोब निल्सन व रॉल्फ मोलिच यांनी तज्ज्ञांकरवी ठरावीक निकषांवर परीक्षण करण्याची पद्धत दिली. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९८ च्या ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागाने वापरसुलभतेची जी व्याख्या केली ती आजही बहुतेक निबंधांच्या पहिल्या पानावर दिसते: विशिष्ट वापरकर्त्यांनी, विशिष्ट उद्दिष्टांसाठी, विशिष्ट संदर्भात वापरताना मिळणारी परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. हा भाग २०१८ मध्ये सुधारला गेला.

मग ‘युजर एक्स्पीरियन्स’ म्हणजे वापरानुभव हा शब्द पुढे आला. २००६ मध्ये मार्क हासेन्त्साल आणि नोआम ट्रॅक्टिन्स्की यांनी त्याच्या संशोधनाची दिशा मांडली; २०१० च्या आयएसओ ९२४१ च्या २१० व्या भागात त्याची व्याख्या आली; आणि १९९१ मध्ये वापरसुलभतेच्या व्यावसायिकांची म्हणून स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये आपल्या नावातच वापरानुभव हा शब्द घेतला. त्याच संघटनेचे २००५ मध्ये सुरू झालेले ‘जर्नल ऑफ युझॅबिलिटी स्टडीज’ पुढे ‘जर्नल ऑफ युजर एक्स्पीरियन्स’ झाले. संघटना तीच, वाचक बहुतांशी तेच आणि नाव मात्र नवे. आता ज्या अभ्यासकाने केवळ जुना शब्द शोधला, त्याला या जर्नलमधील काम ओसरल्यासारखे दिसेल. २०११ मध्ये हावियेर बार्गास-आविला आणि कॅस्पर हॉर्नबेक यांनी वापरानुभवावरील ६६ प्रयोगनिष्ठ अभ्यास तपासले, तेव्हा त्यांनी नेमका हाच प्रश्न शीर्षकात विचारला होता, की ही जुनीच दारू नव्या बाटलीत आहे का. आपला अभ्यास सुरू करण्यापूर्वी असे दोन-तीन आढावा-निबंध पूर्ण वाचावेत. हॉर्नबेक यांचा २००६ चा आढावा त्यांत असावाच. त्यात १८० अभ्यासांमध्ये वापरसुलभता प्रत्यक्षात कशी मोजली गेली हे तपासलेले आहे.

तिसरी पायरी: स्रोत निवडावा

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे निवडक स्रोतांची नोंद ठेवणारे सशुल्क डेटाबेस आहेत. गुगल स्कॉलरची व्याप्ती मोठी आहे, पण त्यातून नोंदी एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय नाही आणि त्याच शोधाचा निकाल उद्या तसाच येईल याची खात्री नाही. २०२२ मध्ये सुरू झालेला ओपनअॅलेक्स हा खुला आहे. पणजीतील पाटो येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून किंवा घरूनही, कोणत्याही संस्थेच्या वर्गणीशिवाय तो वापरता येतो. त्यातील नोंदींत त्रुटी अधिक सापडतात, तरीही पहिल्या अभ्यासासाठी मी तोच सुचवतो, कारण आपले काम दुसऱ्याला तपासून पाहता येते.

पूर्ण मजकुरासाठी १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही केंद्राची योजना उपयोगी आहे. केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तीत आहेत. खासगी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने ताळगाव पठारावरील विद्यापीठ-ग्रंथालयात विचारणा करावी. जुन्या साहित्यासाठी आणखी एक सोय आहे: सीएचआय परिषद भरवणाऱ्या एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९५१ ते २००० या काळातील आपले साहित्य २०२२ पासून सर्वांना खुले केले असल्याने सीएचआय परिषदेची पहिली अठरा वर्षे विनामूल्य वाचता येतात.

एक सावधगिरी मात्र अनिवार्य आहे. ‘फक्त जर्नलमधील लेख’ ही चौकट निवडू नये. अन्य शाखांत ती योग्य असेल, परंतु या क्षेत्रातील कितीतरी महत्त्वाचे काम परिषदांच्या वृत्तांतांतच प्रसिद्ध होते, आणि ते वगळणे म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा दिवस सोडून म्हापशाच्या उलाढालीचा अंदाज बांधणे होय.

चौथी पायरी: शोधसूत्र रचावे

शोधसूत्र म्हणजे कोणते शब्द, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ अशा कोणत्या जोडांनी, नोंदीच्या कोणत्या भागात शोधायचे याचे लेखी वाक्य. शीर्षक, सारांश आणि लेखकाने दिलेले कीवर्ड एवढ्यांतच शोध घ्यावा. पूर्ण मजकुरात शोधल्यास ज्या निबंधात वापरसुलभतेचा एका वाक्यात ओझरता उल्लेख आहे तोही पदरात पडतो. अमेरिकी व ब्रिटिश अशी दोन्ही वर्णलेखने द्यावीत, विशेषतः ‘युजर-सेंटर्ड’ या शब्दात, जिथे अमेरिकी वर्णलेखनात एक ‘ई’ अधिक असतो.

संक्षेप फार फसवतात. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा विधानांची ‘सिस्टिम युझॅबिलिटी स्केल’ ही प्रश्नावली ‘एसयूएस’ या नावाने ओळखली जाते. ही तीन अक्षरे एकटी शोधल्यास ब्राझीलच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवरील निबंध येतात, कारण तिचे पोर्तुगीज संक्षिप्त रूप तेच आहे, आणि डुकरांवरील पशुवैद्यकीय संशोधनही येते, कारण डुकराच्या प्रजातीचे लॅटिन नाव ‘सुस’ आहे. ‘सीएचआय’ शोधल्यास संख्याशास्त्रातील काय-वर्ग चाचणी वापरलेला प्रत्येक निबंध दारात उभा राहतो. गोव्यातील संशोधन शोधताना एका विद्यार्थिनीने राज्याच्या इंग्रजी नावापुढे तारांकन लावले होते. तारांकन म्हणजे ‘पुढे काहीही अक्षरे चालतील’. परिणामी ‘गोल’ म्हणजे उद्दिष्ट हा शब्द असलेले सारे निबंध आले, आणि वापरसुलभतेच्या व्याख्येतच उद्दिष्ट असल्याने जवळपास सारे क्षेत्रच तिच्या पडद्यावर अवतरले. अधूनमधून ‘गोट’ म्हणजे शेळ्याही होत्या.

याहून सूक्ष्म पेच ‘ईझ ऑफ यूज’ या शब्दप्रयोगाचा आहे. तो समानार्थी वाटतो, म्हणून नवागत तो सूत्रात घालतात. परंतु १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी तंत्रज्ञान-स्वीकाराचे जे प्रारूप मांडले त्यात ‘वाटणारी वापरसुगमता’ हा एक मुख्य घटक होता, आणि व्यवस्थापनशास्त्रातील प्रचंड साहित्य त्यावर उभे आहे. तेथे लोकांना काय वाटते हे प्रश्नावलीने विचारतात. प्रत्यक्ष काम करताना ते कुठे अडतात हे बहुधा पाहिले जात नाही. हा शब्द घ्यावा की वगळावा हे आपल्या प्रश्नावर अवलंबून आहे. निर्णय कोणताही असो, तो कारणासह नोंदवून ठेवावा.

सूत्राची परीक्षा घेण्यासाठी, जे निबंध आपल्या अभ्यासात असलेच पाहिजेत अशा दहा-पंधरांची यादी मार्गदर्शकांकडून आधीच घ्यावी आणि सूत्राने ते पकडले का हे पाहावे. शोधाची तारीख, सूत्र अक्षरशः जसे टाकले तसे, आणि मिळालेल्या नोंदींची संख्या त्याच दिवशी वहीत लिहावी.

पाचवी पायरी: नोंदी निवडाव्यात, जसे तांदूळ निवडतात

दोन डेटाबेसमधून आलेल्या दुहेरी नोंदी डीओआय क्रमांकावरून (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) काढाव्यात; क्रमांक नसल्यास शीर्षक व वर्ष जुळवावे. त्यानंतरचे काम नावांचे, आणि गोव्याच्या अभ्यासकाला ते अधिक जड जाते. नाईक हे आडनाव रोमन लिपीत आज लिहितात त्या रीतीने येते आणि पोर्तुगीज वळणानेही येते. कामत ‘के’ने सुरू होते तसे ‘सी’नेही. एकच व्यक्ती दोन लेखक म्हणून मोजली जाते, किंवा दोन वेगळे नाईक एकाच खात्यावर जमा होतात. ठिकाणांचेही तसेच: पणजीची रोमन रूपे किमान तीन आहेत, आणि ताळगावच्या पोर्तुगीज वर्णलेखनात ‘ए’वर जी लाट असते ती सीएसव्ही फाइल (डेटाबेसमधून उतरवलेला साधा तक्ता) चुकीच्या पद्धतीने उघडल्यास चित्रविचित्र चिन्हांत बदलते. फाइल यूटीएफ-८ या संकेतनातच उघडावी. ज्या संस्थेच्या नावात राजस्थानातील पिलानी आहे तिचा एक परिसर झुआरीनगरला आहे, हे संगणकाला आपोआप कळेलच असे नाही. राज्यवार मोजणी करणाऱ्याने पत्ते स्वतः वाचावेत.

सहावी पायरी: यंत्राला मोजू देण्याआधी शंभर सारांश स्वतः वाचावेत

मिळालेल्या नोंदींतून यादृच्छिक पद्धतीने शंभर उचलाव्यात आणि दोघांनी, एकमेकांशी न बोलता, प्रत्येकीवर ‘घ्यावी’ किंवा ‘वगळावी’ असा शेरा द्यावा. मग शेरे जुळवून पाहावेत. दोघांचे मत योगायोगाने जुळेल त्यापेक्षा किती अधिक जुळले, हे जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेल्या कॅप्पा या गुणकाने मोजतात. गुणक कमी आला तर वाचणाऱ्यांना दोष देऊ नये; पहिल्या पायरीतील प्रश्न धूसर राहिला आहे असे समजून मागे जावे. किती नोंदी आल्या, किती कोणत्या कारणाने गळल्या आणि किती उरल्या हे दाखवण्यासाठी आढावा-निबंध कसे लिहावेत हे सांगणाऱ्या २०२० च्या सुधारित प्रिझ्मा मार्गदर्शिकेतील प्रवाह-आकृती वापरण्याचा प्रघात आहे.

या शंभर सारांशांतून आणखी एक लाभ होतो, जो कोणत्याही गुणकात उतरत नाही. ‘वापरसुलभता’ हा शब्द कोण कशासाठी वापरतो हे कानाला कळू लागते: कोणी खरोखर माणसांना समोर बसवून काम करून घेतलेले असते, तर कोणी नवी प्रणाली बांधून झाल्यावर शेवटी सहकाऱ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतलेली असते. आलेखात हे दोघे एकेकच मोजले जातात.

सातवी पायरी: मोजावे, आणि मोजलेल्यावर शंका घ्यावी

वर्षवार संख्या मांडताना शेजारी भाजक हवाच. त्याच डेटाबेसमध्ये त्याच वर्षी संगणकशास्त्रातील एकूण नोंदी किती होत्या, आणि आपले निबंध त्यांच्या किती टक्के आहेत? एकूण साहित्यच वाढत असताना नुसती संख्या वाढणे हे सामान्य आहे. वाटा वाढला असेल तरच कल म्हणावा.

शेवटच्या वर्षाचा आकडा आलेखात ठेवू नये, किंवा ठेवल्यास तुटक रेषेने दाखवावा, कारण नोंदी डेटाबेसमध्ये पोहोचण्यास महिने लागतात. अनेक वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी स्वतः अशी घसरण ‘विषयातील रस ओसरत आहे’ म्हणून सादर केली होती, आणि श्रोत्यांतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शोध कोणत्या महिन्यात घेतला एवढेच विचारले. शोध मार्चमधला होता.

काही चढउतार परिषदांच्या वेळापत्रकातून येतात. ‘इंटरॅक्ट’ ही परिषद १९८४ मध्ये लंडन येथे सुरू झाली. आरंभी ती तीन वर्षांनी भरे, नंतर दर दोन वर्षांनी विषम वर्षी भरू लागली. २०१७ ची मुंबईत झाली. हजारो पानांचे वृत्तांत काढणारी ‘एचसीआय इंटरनॅशनल’ ही परिषदही दीर्घकाळ एक वर्षाआड होती, आणि २०१३ नंतर दरवर्षी होऊ लागली. ज्याच्या संचात या दोन्ही आहेत त्याच्या आलेखाला करवतीसारखे दाते पडतात, आणि २०१४ पासून ते अचानक बोथट होतात. त्यात कोणतीही वैचारिक उलथापालथ शोधू नये. तीन वर्षांची चल सरासरी (प्रत्येक वर्षासाठी मागचे व पुढचे वर्ष धरून काढलेली सरासरी) घ्यावी.

तसाच एक फसवा बदल प्रकाशनाच्या प्रकारात दिसतो. २०१७ मध्ये एसीएमने आपल्या काही परिषदांचे निबंध जर्नलच्या रूपात काढण्यास प्रारंभ केला. समीक्षणाची रीत काहीशी बदलली, तरी लिहिणारे आणि वाचणारे तेच राहिले. डेटाबेसमध्ये मात्र परिषदेचे निबंध कमी होऊन जर्नलमधील लेख वाढल्याचे दिसते, आणि ‘संशोधक आता परिषदांपेक्षा जर्नलना पसंती देतात’ असा निष्कर्ष लिहिण्याचा मोह होतो.

आठवी पायरी: शब्दांचे नकाशे

कीवर्ड एकमेकांसोबत किती वेळा येतात हे दाखवणारे रंगीत नकाशे लायडन विद्यापीठात तयार झालेल्या व्हॉसव्ह्यूअर या विनामूल्य प्रणालीत किंवा आर या संगणकीय भाषेतील बिब्लिओमेट्रिक्स या संचात करता येतात. आधी समानार्थी कीवर्ड एकत्र करणारी यादी बनवावी, अन्यथा एकवचन व अनेकवचन हे दोन वेगळे ठिपके होतात. नकाशातील गटांना नावे आपण देतो, प्रणाली देत नाही. आणि किमान किती वेळा आलेला शब्द घ्यायचा ही मर्यादा बदलली की गटही बदलतात. म्हणून तीन वेगवेगळ्या मर्यादांवर नकाशा काढून जे गट टिकतात त्यांच्याविषयीच बोलावे. एक प्रबंध-प्रकरण भरेल इतकी चित्रे यातून निघतात आणि अर्थ थोडा निघतो, असे माझे मत झाले आहे.

नववी पायरी: सायटेशन (इतर निबंधांनी केलेला संदर्भ-उल्लेख) कोणी व कशासाठी दिले हे पाहावे

निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपातून पुढे ‘पाच वापरकर्ते पुरेत’ हे सूत्र प्रसिद्ध झाले. एका वापरकर्त्यामुळे सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. २००३ मध्ये लॉरा फॉक्नर यांनी साठ वापरकर्त्यांच्या माहितीतून पाच-पाच जणांचे गट काढून दाखवले की एखाद्या गटाला जवळजवळ सर्व अडचणी सापडतात, तर एखाद्याला केवळ ५५ टक्के. त्यानंतर १९९३ च्या निबंधाचा उल्लेख समर्थनार्थही होतो आणि खंडनार्थही. सायटेशनच्या संख्येत दोन्ही सारखेच भरतात. ज्या दहा निबंधांना आपल्या संचात सर्वाधिक सायटेशन आहेत, त्यांपैकी प्रत्येकाचे वीस उल्लेख उघडून वाचावेत. ब्रूक यांची प्रश्नावली मुळात एका संपादित पुस्तकातील प्रकरण म्हणून आली, त्यामुळे केवळ निबंध मोजणाऱ्या संचात ती दिसतच नाही, हेही तेव्हाच ध्यानात येते.

दहावी पायरी: वापरकर्ते कोण होते हे स्वतंत्र रकान्यात नोंदवावे

हा रकाना तयार मिळत नाही. निबंध उघडून भरावा लागतो, आणि म्हणूनच नवागताच्या अभ्यासाला वजन यातूनच येते. केली केन यांनी २०१६ मध्ये दाखवले की सीएचआयमधील निबंधांत सहभागींची सर्वाधिक आढळणारी संख्या बारा होती. २०२१ मध्ये सेबास्टियन लिंक्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०२० च्या त्याच परिषदेतील निबंध तपासले, तेव्हा ७३ टक्के निष्कर्ष पाश्चात्त्य देशांतील सहभागींवर आधारलेले आढळले, जिथे जगाच्या बारा टक्क्यांहूनही कमी लोक राहतात.

गोव्यातून हा रकाना भरताना देशाच्या नावावर थांबू नये. सहभागींची भाषा, लिपी, वय आणि चाचणीची जागा या चार गोष्टी नोंदवाव्यात. येथे एकाच घरात आजी मराठी वर्तमानपत्र वाचते, कोकणी बोलते, आणि नातू रोमन लिपीत टंकन करतो. शेजारच्या घरात तियात्राची, म्हणजे कोकणी संगीतनाट्याची, जाहिरात रोमी (रोमन लिपीतील) कोकणीत वाचली जाते. ‘भारतीय वापरकर्ते, वीस’ एवढेच लिहिणारा निबंध यांपैकी कोणाविषयी बोलतो ते कळत नाही. व्याख्येतील ‘विशिष्ट वापरकर्ते’ आणि ‘विशिष्ट संदर्भ’ हे शब्द निबंधाच्या पद्धती-विभागात किती वेळा खरोखर भरून येतात, हीच मोजणी एका पदव्युत्तर प्रबंधाला पुरेशी आहे, आणि तिच्यासाठी पाच हजार नोंदी लागत नाहीत. नीट वाचलेले दीडशे निबंध पुरतात.

अभ्यास पूर्ण झाल्यावर तो छापण्यासाठी, पैसे भरल्यास आठवड्यात प्रसिद्धीची हमी देणाऱ्या जर्नलकडे पाठवू नये; त्यांचे ईमेल प्रबंध जमा होताच येऊ लागतात. निबंधासोबत शोधसूत्र, वगळलेल्या नोंदींची यादी आणि भरलेला तक्ता झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात ठेवावा, आणि त्या फाइलच्या नावातच शोधाची तारीख लिहावी.